टोकाले भोक मारा, भाऊ

तुरीची पोती वाहून ट्रॉलीचा पत्रा चिरला, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वेल्डिंगच्या दुकानात गेलो होतो. मिस्त्रीने रॉड हातात घेण्याआधी चिरेच्या अगदी टोकाशी खडूचा ठिपका केला आणि तिथे ड्रिलने भोक पाडलं. चांगल्या पत्र्याला आणखी एक भोक! काहून, म्हटलं, तर म्हणाला, "टोकाले भोक नाही मारलं तं चीर वेल्डिंगच्या पुढं पयते भाऊ."

पत्र्यातला ताण पाटाच्या पाण्यासारखा समजा. चीर आडवी आली की त्याला वळसा घालावा लागतो आणि सगळी गर्दी टोकाशी होते. केंब्रिजच्या इंग्लिस यांनी 1913 मध्ये याचं गणित मांडलं. ओढल्या जाणाऱ्या पत्र्यात गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. ओढीला आडवं, रुंदीच्या दहापट लांब लंबगोल भोक असेल, तर 21 पट. चीर म्हणजे रुंदीच नसलेलं भोक. तिथे उत्तर येतं अनंत! मिस्त्रीचं भोक हे अणकुचीदार टोकच गोल करून टाकतं.

टोकापासूनचं अंतर शंभरावा हिस्सा केलं की ताण दहापट होतो, आणि हे थांबतच नाही. खऱ्या लोखंडात अर्थातच अनंत ताण नसतो. टोकाजवळचा इवलासा भाग त्याआधीच कायमचा ताणला जातो. मग सूत्र फेकून द्यायचं? अर्विन यांनी 1957 मध्ये प्रश्नच बदलला. टोकावर ताण किती हे विचारूच नका, टोकाकडे जाताना तो किती जोमाने चढतो ते मोजा. हा जोम धातूला सोसेनासा झाला की चीर धावते. चीर चौपट लांबली की जोम दुप्पट, म्हणून जुनी चीर जास्त घातकी. मला तरी ही युक्ती मूळ सूत्राहून हुशार वाटते.

इंजिनिअरिंगची पोरं संगणकावर एखाद्या भागाचे जाळीसारखे छोटे तुकडे पाडून ताण काढतात; ती जाळी बारीक करत जातात आणि आतल्या काटकोनी कोपऱ्यातला ताण वाढतच जातो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. तसल्या कोपऱ्यातही अनंत दडलेलं असतं, हे विल्यम्स यांनी 1952 मध्येच दाखवलं होतं.

चीर नसली तरी हीच गत. धारदार कडांचा सपाट ठोकळा जमिनीवर दाबला, तर गणितात कडेखालचा दाब अनंत. बैलगाडीचं चाक गोल, म्हणून त्याच्याखाली दाब मधोमध सर्वांत जास्त आणि जिथे चाक जमिनीपासून सुटतं त्या कडेला शून्य; हे हर्ट्झ यांचं 1882 मधलं काम.

भोक पाडून झाल्यावर मिस्त्री कानस घेऊन त्याची कड गुळगुळीत करत बसला. खरबरीत कड म्हणजे नव्या चिरेला आयतं टोक. वेल्डिंगचे पैसे घेतले, भोकाचे नाही.