हायलुरोनिक ॲसिडच्या साखळीची लांबी ठरवणारे जिवाणू

हायलुरोनिक ॲसिड म्हणजे शर्करांची लांबलचक साखळी. ते आपल्या त्वचेत, डोळ्यांच्या आतील पारदर्शक द्रवात आणि सांध्यांच्या वंगणात असते. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यांतून वेगळे केले. पुढे अनेक वर्षे औषधांसाठी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. त्यानंतर घोड्यांना आजारी पाडणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा वापर सुरू झाला, कारण प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी तो स्वतःभोवती याच पदार्थाचे कवच तयार करतो. मात्र रोगजंतूपासून मिळवलेला पदार्थ डोळ्यात किंवा गुडघ्यात टोचायचा, तर शुद्धीकरणात जराही कसूर चालत नाही.

म्हणून नोव्होझाइम्स या एन्झाइम बनवणाऱ्या डॅनिश कंपनीच्या संशोधकांनी स्ट्रेप्टोकॉकसचे 'हॅस-ए' हे जनुक बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूत घातले आणि ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध केले. या जनुकापासून बनणारे एन्झाइम ग्लुकुरोनिक ॲसिड आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामिन या दोन शर्करा आलटून पालटून जोडत साखळी वाढवते. पण एन्झाइम मिळाले तरी बॅसिलसमध्ये ग्लुकुरोनिक ॲसिडचा तुटवडा पडत होता. तो भरून काढण्यासाठी त्याच्या स्वतःच्याच 'टुआ-डी' जनुकाचे काम वाढवावे लागले.

उत्पादन वाढवण्यापेक्षा साखळीच्या लांबीवर ताबा मिळवणे मला अधिक मोलाचे वाटते. लांब साखळ्यांचे द्रावण दाट असल्याने ते सांध्यांसाठी उपयोगी पडते, तर अगदी लहान तुकडे शरीरात दाह चेतवू शकतात. म्हणजे रसायन एकच असले तरी लांबीनुसार त्याचा परिणाम पालटतो. चीनमधील जियांगनान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये बॅसिलसमध्ये जळवेचे एक जनुक घातले, ज्याचे एन्झाइम ही साखळी कापते. ते एन्झाइम किती बनावे हे जनुकीय बदलांनी ठरवून त्यांनी सुमारे चौदा लाख डाल्टनपासून (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) काही हजार डाल्टनपर्यंत हव्या त्या रेणुभाराचे हायलुरोनिक ॲसिड मिळवले. शिवाय उत्पादन लिटरमागे सुमारे ६ ग्रॅमवरून १९ ग्रॅमच्या पुढे गेले, कारण लांब साखळ्यांमुळे जिवाणू वाढवण्याच्या टाकीतील द्रव इतका दाटतो की जिवाणूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि साखळ्या तुटल्या की ही अडचण कमी होते.

तरीही जिवाणूला कितीही राबवता येत नाही. एन-ॲसिटिल ग्लुकोसामिन त्याला स्वतःची पेशीभित्तिका बांधण्यासाठीही लागते आणि सगळा साठा साखळीकडे वळवला तर त्याची वाढच खुंटते.