‘द्रव्य’ : एका व्याख्येची पार्श्वभूमी

तत्त्वज्ञानातल्या ‘सबस्टन्स’ला, म्हणजे गुण बदलले तरी टिकून राहणाऱ्या मूळ वस्तूला, आपण मराठीत ‘द्रव्य’ म्हणतो. शब्द वैशेषिकांकडून, म्हणजे एका प्राचीन भारतीय दर्शनाच्या अनुयायांकडून, उसना घेतलेला. सोय होते, पण गफलतही तिथूनच. ‘द्रव्य’च्या मुळाशी ‘द्रु’, म्हणजे धावणे, वाहणे. लॅटिन ‘सुब्स्तान्तिया’च्या मुळाशी खाली उभे राहणे. शिवाय जुन्या मराठीत द्रव्य म्हणजे रोकडा पैसा!

आधुनिक वाद पेटला तो एका वाक्यावरून. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये मेणाचा गोळा वाचकापुढे ठेवला होता. पोळ्यातून नुकताच काढलेला, मधाची चव आणि फुलांचा वास अजून न गेलेला. विस्तवाजवळ नेला की चव, वास, आकार सगळे जाते. तरी मेण तेच. मग 1644 च्या लॅटिन ग्रंथात त्याने व्याख्या दिली : अस्तित्वासाठी ज्याला दुसऱ्या कशाचीही गरज नाही, ते द्रव्य. लगेच कबुलीही दिली की या कसोटीला फक्त ईश्वर उतरतो. मग मन आणि जड वस्तू? त्यांना ईश्वराखेरीज कोणाचा आधार लागत नाही, म्हणून तीही द्रव्ये. फक्त हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने लागू होत नाही. खरे तर ही पळवाटच. व्याख्या एक, वापर दुसरा.

डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने ती पळवाट बुजवली. त्याच्या मृत्यूनंतर, 1677 मध्ये छापलेल्या ग्रंथात द्रव्य एकच : ईश्वर किंवा निसर्ग. विचार आणि विस्तार हे त्याचे गुणधर्म; तुम्ही-आम्ही त्याचे निव्वळ प्रकार, म्हणजे त्याचीच बदलती रूपे. नास्तिक म्हणून त्याला झोडपणाऱ्यांनी व्याख्या कोणाची होती, हे क्वचितच पाहिले.

जर्मनीतल्या लायब्निझ या गणितज्ञाने 1714 मध्ये उलट टोक गाठले : द्रव्ये अगणित, अविभाज्य आणि खिडक्या नसलेली, म्हणजे बाहेरचे काही आत न येणारी. इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ लॉकला गुणांखालचा आधार म्हणजे ‘काहीतरी, पण काय ते ठाऊक नाही’ एवढेच म्हणता आले. चेष्टेसाठी त्याने हिंदुस्थानी माणूस उभा केला : पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, कासव कशावर? गुणांचा आश्रय ते द्रव्य, हे सांगणाऱ्या वैशेषिकांना हा टोमणा बरोबर लागतो, हे त्याच्या गावीही नसावे. एका बिशपने मात्र ख्रिस्ती त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे एकच द्रव्य) सिद्धान्त धोक्यात येतो म्हणून लॉकशी जाहीर वाद घातला. 1739 मध्ये ह्यूम या स्कॉटिश तरुणाने आधारच काढून टाकला. उरली गुणांची मोळी.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1781 मध्ये द्रव्य परत आणले, पण वस्तूच्या तळाशी नव्हे, बुद्धीच्या चौकटीत. काहीतरी टिकून आहे असे धरल्याशिवाय ‘बदलले’ असे म्हणताच येत नाही, हा त्याचा मुद्दा. मेणाचा गोळा पुन्हा विस्तवाजवळ!