लोहचुंबक लावला, तरी द्रावण काळंच का राहतं?

कर्करोगाचं औषध चढवून लोहचुंबकाने गाठीकडे ओढायच्या प्रयोगांसाठी आम्ही मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकी लोह ऑक्साइडचे, लेप दिलेले बारीक कण पाण्यात मिसळून पाठवतो. बाटली पोहोचली की दोन दिवसांत फोन येतो: ‘लोहचुंबक लावून तास झाला, कण बाजूला येत नाहीत. माल कमजोर आहे का?’ नाही. काळेपणा टिकला याचा अर्थ कण सुटे आहेत, आणि त्यासाठीच आमची सगळी धडपड असते.

लोहाचे फेरिक आणि फेरस क्षार २:१ प्रमाणात पाण्यात विरघळवतो, नायट्रोजन सोडून पाण्यातला ऑक्सिजन घालवतो आणि जोरात ढवळत अमोनिया घालतो. क्षणात काळा साका तयार होतो. नायट्रोजन कमी पडला तर रंग तपकिरीकडे झुकतो. तशी बॅच आम्ही बाहेर पाठवत नाही. धुतलेल्या कणांवर सायट्रेटचा (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचा) लेप बसतो. त्याच्या ऋणभारामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात.

कण साधारण १० नॅनोमीटरचे. लोहचुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर ठरते: व्यास निम्मा झाला की ओढ एक अष्टमांश. एवढ्या लहान कणाला पाण्याच्या रेणूंचे धक्केच भारी पडतात. लोहचुंबकाकडे झपाट्याने धावतात त्या गुठळ्या, आणि रक्तवाहिनीत जाऊ पाहणाऱ्या औषधात गुठळी अजिबात चालत नाही. कण वेगळे करायचेच असतील तर स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारा) भरलेली कॉलम, म्हणजे नळी, दोन लोहचुंबकांमध्ये ठेवून द्रावण तिच्यातून सोडा. तारांजवळ चुंबकी क्षेत्र एकदम बदलतं, म्हणून तिथे सुटे कणही अडकतात.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध धनभारित असल्याने या लेपावर सहज चढतं. पण जास्त चढवलं तर कणांचा ऋणभार संपतो आणि साका बसतो. म्हणून थोड्यापासून सुरुवात करा. पीबीएस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं फॉस्फेट-मिठाचं द्रावण) थेट ओतू नका, त्यातलं मीठही हेच करतं. बाटली फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये कधीही नको.

१९९६ साली जर्मनीत १४ कर्करुग्णांना एपिरुबिसिन हे डॉक्सोरुबिसिनच्याच गटातलं औषध अशाच चुंबकी कणांवर चढवून दिल्याची चाचणी प्रसिद्ध झाली. तेव्हापासूनची अडचण आजही आहे: अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, म्हणून खोलवरच्या गाठीपर्यंत ती पुरत नाही. शिवाय यकृत आणि प्लीहा बरेच कण मधेच टिपून घेतात. प्रयोग आखताना हे धरून चाला. आमचं द्रावण प्रयोगशाळेपुरतंच आहे, ते रुग्णाला टोचायचं नाही.

बाटली रात्रभर लोहचुंबकापासून दूर ठेवा. सकाळी तळाशी साका दिसला तर बॅच क्रमांक कळवा, बाटली बदलून देऊ.