‘नेम डुकरावर होता’ : एका जबाबाची पार्श्वभूमी

“नेम डुकरावर होता साहेब, मध्ये भेकर आलं.” पारधीला, म्हणजे शिकारीला, गेलेल्यांचा हा जबाब जुनाच; भेकर म्हणजे छोटं हरीण. (डुकरासाठीही परवानगी लागते, हे सांगणारा सोयीने विसरतो.) जबाब शास्त्राने पडताळण्याची सोय मात्र त्या मानाने अलीकडची.

मुंबईत वन्यप्राण्यांचा अभ्यास आणि बंदूक बराच काळ एकत्र नांदली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ची. पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सालिम अली लहानपणी तिथे गेले तेही एअरगनने पाडलेली, पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घ्यायला. जनावर कोणी, कुठून मारलं, हे तेव्हा कोण विचारणार?

कायद्याने ते विचारायला लावलं. वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा मुंबई राज्याचा कायदा १९५१चा, केंद्राचा १९७२चा. केंद्राच्या कायद्यात, कलम ३९ मध्ये, ‘चुकून मारला गेलेला’ वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांत कळवायचं असतं.

तपासाचं तंत्र आलं माणसांच्या खुनांतून. रायफलच्या नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, गोळीवर चरे उठवतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत तुलनात्मक सूक्ष्मदर्शक आला आणि दोन गोळ्यांचे चरे शेजारी-शेजारी ताडून पाहता येऊ लागले. आज मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला बंदूक-तज्ज्ञ तेच करतो.

पण कोकणातल्या पारधीत रायफल कुठली? तिथे ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची, गुळगुळीत नळीची बंदूक. छर्ऱ्यांवर आट्यांचे चरे नसतात. बारा बोअरच्या, म्हणजे काडतुसाच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचं, रिकामं काडतूस सापडलं तर निदान त्याच्या बुडावरची पिनेची खूण जुळवता येते. ठासणीच्या बंदुकीत काडतूसच नाही. मग उरतं जनावराचं कलेवर. जवळून बार झाला असेल तर एकच फाटकं भोक, लांबून असेल तर कातडीवर चाळणी. जप्त बंदुकीत तशीच दारू-छर्रे भरून, अंतरं मोजून कागदांवर बार काढतात आणि चाळणीशी चाळणी जुळवतात. छर्रे कुठल्या अंगाने शिरले, वरून की समोरून, हे एक्स-रे आणि शवविच्छेदन सांगतं. बार मचाणावरून झाला होता की झुडपाआडून, याचा अंदाज तिथूनच येतो.

शवविच्छेदनही चुकतं. जोधपूरच्या १९९८च्या काळवीट प्रकरणात पहिल्या अहवालात गोळीचा उल्लेख नव्हता. पुरलेली कलेवरं उकरून दुसरं शवविच्छेदन झालं, त्यात तो आला. आरोपी मुंबईचा नट, म्हणून ती बातमी इथे वर्षानुवर्षं चालली.

गावाकडच्या प्रकरणात मात्र बहुतेकदा उकरायलाही काही नसतं. कातडी सोलून गेलेली, हाती लागतं पातेल्यातलं मटण. डीएनएवरून ते भेकराचं होतं एवढं कळतं.