स्लॅशरमधली भीती कुठे गळाली

सुरा दिसतो, मुखवटा दिसतो, पाच-सहा पोरं मरतात आणि तरीही पोटात गोळा येत नाही. सोलापूरचा प्रेक्षक मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अशा चारही भाषांतले चित्रपट पाहून मुरलेला आहे. फसलेला स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट, पाहून टॉकीजबाहेर पडताना त्याचा प्रश्न साधा असतो : खुनी तिथं पोचलाच कसा? खुन्याची वाट न आखण्याची ही चूक जुनी आहे.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६०च्या ‘सायको’तला न्हाणीघरातला खून चित्रित करायला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, वाद्यं फक्त तंतुवाद्यं. पण धक्का बसतो तो त्याआधीच्या पाऊण तासामुळे. मरणाऱ्या बाईने चोरलेले ४० हजार डॉलर, रस्त्यात हटकणारा पोलीस, परत जायचा तिचा निर्णय, एवढं सगळं आपण तिच्यासोबत काढलेलं असतं. हिचकॉकचं गणित प्रसिद्ध आहे : टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचं आश्चर्य, तो आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर १५ मिनिटांची धाकधूक.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने १९७८च्या ‘हॅलोवीन’मध्ये हेच गणित वापरलं. बजेट सुमारे सव्वातीन लाख डॉलर. खुन्यासाठी ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवला. रक्त जवळजवळ नाहीच. खुनी पडद्याच्या कडेला, कुंपणामागे, गाडीत बसलेला आपल्याला दिसतो, ज्या मुलीच्या मागावर तो आहे तिला दिसत नाही. पाच मात्रांच्या ठेक्यातलं संगीत कार्पेंटरचं स्वतःचं.

चित्रपटाने कोट्यवधी डॉलर कमावले आणि नक्कल सुरू झाली. १९८०च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने तरुण मुलं आणि एकामागून एक खून उचलले, जागा तेवढी कॅम्पची केली. त्यातलं टॉम सॅव्हिनीच्या जखमांच्या मेकअपचं काम खरोखर उत्तम होतं, आणि तेच पुढे नडलं, कारण नंतरच्या निर्मात्यांनी फक्त जखमा मोजल्या. रहस्यातही खोट होती. खुनी बाई शेवटच्या भागापर्यंत पडद्यावर येतच नाही, मग प्रेक्षकाने संशय घ्यायचा कुणावर?

आपल्याकडे धागा वेगळा आहे. तमिळमधला १९७८चा ‘सिगप्पु रोजाक्कल’ तेलुगूत ‘एर्र गुलाबीलु’ आणि १९८०मध्ये हिंदीत ‘रेड रोज’ झाला. खुनी माणूसच होता, त्याच्या वागण्याला कारण होतं. पण हिंदी भयपटाची सवय घडवली रामसे बंधूंनी, १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून. त्यांच्या हवेलीत प्रेत कुठूनही येतं आणि ते चालतं. भूत भिंतीतून येऊ शकतं, माणसाला दार लागतं. आपल्या बऱ्याच स्लॅशरांत भुताची ही सवलत हाडामांसाच्या खुन्याला दिली गेली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथंच झालं.

त्यात टीव्हीचा हिशोब आला. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून रक्ताला कात्री लागते. जिथं रक्ताशिवाय काही रचलेलंच नसतं, तिथं कात्रीनंतर नुसत्या किंकाळ्या उरतात. मोबाइल आल्यावर ‘रेंज नाही’ हे वाक्य प्रत्येक पटकथेत शिरलं. १९९६च्या ‘स्क्रीम’ने उलट फोनलाच हत्यार केलं होतं.

खून लिहिण्याआधी जागेचा नकाशा आणि मिनिटांचं वेळापत्रक कागदावर हवं. समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी आहे. दारं दोन, माग आठ, कामगार तीन. खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही, म्हणजे पावलं न ऐकू येण्याला सबळ कारण मिळालं. खुनी मागच्या दाराने शिरताना प्रेक्षकाला दाखवा. मग कोपऱ्यातला एक माग बंद होतो. आवाज थोडाच कमी होतो, कामगार मान वर करतो, धागा तुटला असेल म्हणून तिकडे चालू लागतो. दुसरा माग थांबतो. इथं संगीत घालू नये. दचकवण्यासाठी मांजर उडी मारते, हा प्रकार तर नकोच, त्याने जमवलेला ताण फुकट जातो. आणि पहिला माग कुणी, कुठल्या बाजूने थांबवला, तिथून दुसऱ्या मागापर्यंत जायला किती वेळ लागला, हे वेळापत्रकात जुळायलाच हवं.