पॉप आर्ट आणि खासगी संग्रहाचे प्रदर्शन

पॉप आर्ट : किराणा दुकानातला डबा, जाहिरात, कॉमिकचे पान, नटीचा फोटो अशा रोज नजरेखालून जाणाऱ्या छापील गोष्टींनाच चित्रविषय करणारी, १९५० नंतर ब्रिटन व अमेरिकेत रुजलेली कलाधारा. या नोंदीत तिच्या एकाच अंगाचा विचार केला आहे : ही चित्रे खासगी संग्राहकांच्या घरांतून कलादालनात कशी येतात आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी प्रेक्षकाला ती कोणत्या ओळखीवर भेटतात.

लंडनमध्ये १९५२ पासून ‘इंडिपेंडंट ग्रुप’ या नावाने जमणाऱ्या कलावंत-समीक्षकांनी जाहिरातींकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. एदुआर्दो पाओलोत्सीच्या १९४७ च्या चिकटचित्रात (कोलाजमध्ये) ‘पॉप’ हा शब्द दिसतो. रिचर्ड हॅमिल्टनचे प्रसिद्ध चिकटचित्र १९५६ चे. अमेरिकेत जॅस्पर जॉन्सने राष्ट्रध्वज रंगवला, रॉय लिक्टेनस्टाइनने छपाईचे ठिपके मोठे करून कॅनव्हासवर आणले, तर क्लेस ओल्डनबर्गने १९६१ मध्ये न्यूयॉर्कात चक्क दुकान थाटून प्लास्टरचे खाद्यपदार्थ आणि कपडे विकले.

संग्राहक. पॉप आर्टचा इतिहास संग्राहकाला बाजूला ठेवून सांगता येत नाही. १९६२ मध्ये अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलची (१९२८–१९८७) सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत किराणा मालासारखी फळीवर मांडली होती. एकेकाची किंमत १०० डॉलर. पाच-सहा चित्रांचे सौदे ठरलेही होते, पण गॅलरीचालक अर्व्हिंग ब्लम यांच्या लक्षात आले की हे सगळे मिळून एकच काम आहे. त्यांनी ठरलेले सौदे मोडले आणि सगळा संच स्वतःसाठी १,००० डॉलरना, हप्त्याहप्त्याने पैसे फेडून घेतला. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेला. एका माणसाने तेव्हा हट्ट धरला नसता तर ही ३२ चित्रे ३२ घरांत विखुरली असती. पॉप आर्टमधला संग्राहकाचा खरा वाटा इथे दिसतो.

दुसरी बाजूही आहे. रॉबर्ट स्कल हे न्यूयॉर्कमधले टॅक्सीमालक. त्यांच्या पत्नी एथेल यांचे व्यक्तिचित्र करताना वॉरहॉलने त्यांना टाइम्स स्क्वेअरच्या फोटोयंत्रात बसवले, नाणी टाकत राहिला आणि त्या फोटोंतून ३६ चौकटींचे चित्र केले (१९६३). पुढे १८ ऑक्टोबर १९७३ रोजी स्कल दांपत्याने संग्रहातल्या ५० कलाकृती लिलावात काढल्या. रॉबर्ट राउशेनबर्गचे १९५८ मध्ये ९०० डॉलरना घेतलेले चित्र ८५,००० डॉलरना गेले. चित्रकाराला त्यातले काही मिळाले नाही आणि तो तिथल्या तिथे स्कल यांच्यावर धावून गेला. हा राग रास्त होता. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आले : मूळ चित्र १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसाला वाटा मागता येतो, मात्र तो १० टक्क्यांपेक्षा जास्त असत नाही. सीमाभागातल्या किती चित्रकार-कुटुंबांना हे कलम ठाऊक असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

चॉकलेट-उद्योजक पेटर लुडविग आणि पत्नी इरेने यांनी मात्र सुमारे ३५० कलाकृती कोलोन शहराला दिल्या; त्यातून १९७६ मध्ये लुडविग संग्रहालय उभे राहिले. आपल्याकडे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा संग्रह असाच लोकांसाठी खुला झाला.

जाळी आणि शाई. खासगी संग्रहाच्या प्रदर्शनात कॅनव्हासपेक्षा कागदावरचे छाप जास्त असतात, कारण ते परवडतात आणि प्रवासाला सोपे पडतात. यातले बरेच स्क्रीन प्रिंटिंगचे असतात, आणि हे तंत्र बेळगावच्या गल्ल्यांत लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे बॅनर छापणाऱ्यांच्या हातचे आहे. लाकडी चौकटीवर जाळी ताणायची, तिच्यावर उजेडाला कडक होणारा लेप द्यायचा, वर काळ्या चित्राची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. फिल्मच्या काळ्या भागाखालचा लेप मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. तेवढीच जाळी मोकळी. मग शाई ओतून स्क्वीजी म्हणजे रबरी पट्टी एका दाबाने ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, आणि दुसरा रंग केसभर सरकला की पत्रिका रद्दीत. वॉरहॉलने १९६२ पासून हेच तंत्र वापरले, पण सरकलेला रंग तसाच ठेवला : ओठांचा लाल ओठांबाहेर, पापणीची निळाई भुवईवर. ज्याने आयुष्यभर रंग जुळवण्यासाठी डोळे शिणवले, त्या छपाईवाल्याला ही सरक कुठल्याही समीक्षकाआधी दिसेल. म्हणून असे प्रदर्शन भरले तर पहिले आमंत्रण त्याला जावे.

नटी मॅरिलिन मन्रोच्या चेहऱ्यावरून केलेल्या वॉरहॉलच्या १९६७ च्या मालिकेत १० छाप आहेत, प्रत्येकी सुमारे तीन फूट लांब-रुंद, आणि असे २५० संच काढले गेले. सही आणि क्रमांक कागदाच्या मागे असल्यामुळे भिंतीवर ते दिसत नाहीत. संग्राहकाकडून चित्र ताब्यात घेतानाच पाठ पाहून नोंद करावी लागते.

सीमाभागाची नजर. बेळगावची चित्रदृष्टी घडवली ती वास्तवदर्शी व्यक्तिचित्रांनी. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथे पिढ्या शिकल्या. रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांचेच शिष्य. बेळगावात जन्मलेल्या या चित्रकाराने जाहिरात आणि बोधचित्रांत मोठे नाव मिळवले. वॉरहॉलही १९५० च्या दशकात जाहिरातींसाठी बुटांची चित्रे काढत होता. दोघांची सुरुवात बाजारासाठी चित्र काढण्यातून झाली, वाटा मात्र पार वेगळ्या. ‘साम्य आलंय का?’ हा बेळगावकराचा पहिला प्रश्न असतो. पॉप आर्टसमोर तो चुकीचा ठरत नाही. फक्त साम्य माणसाशी न पाहता त्याच्या छापील फोटोशी पाहावे लागते.

इथले पॉप आर्टला जवळचे साहित्य भरपूर आहे. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. विडीबंडलावरच्या लेबलात मालकाचा फोटो, एखादा आकडा, एखादा प्राणी, आणि तेच लेबल हजारो बंडलांवर. बोर्ड पेंटरने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिहेरी अक्षरांत असत. फ्लेक्सने हे काम बरेचसे गिळले, आणि कर्नाटकाच्या २०२४ च्या भाषाविषयक दुरुस्ती कायद्याने पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडसाठी ठरवली गेली. पाटीवरच्या अक्षराचा आकार, त्याची जागा, त्याचा क्रम यांकडे सीमाभागातला माणूस जितक्या जाणिवेने पाहतो तितके क्वचितच कोणी पाहत असेल. रॉबर्ट इंडियानाचे चार इंग्रजी अक्षरांचे ‘लव्ह’ (LOVE) हे चित्र, त्यातला कललेला ‘ओ’ आणि १९७३ मध्ये निघालेले त्याचे टपाल तिकीट समजायला त्याला वेगळी दीक्षा लागत नाही.

भारतीय चित्रकलेत हा धागा भूपेन खख्खर यांनी पक्का केला. १९६५ मध्ये त्यांनी मुंबईत देवादिकांच्या बाजारी छापांची चिकटचित्रे मांडली आणि १९७२-७३ च्या सुमारास शिंपी, न्हावी, घड्याळदुरुस्तीवाला यांची दुकाने रंगवली.

जपणूक. कागदी छापांना उजेड सोसत नाही. ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास मंद प्रकाश ठेवतात. खानापूरकडून येणारा पाऊस आणि दमट हवा कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके आणते, म्हणून या भागात जून ते सप्टेंबर टाळून दिवाळीनंतर प्रदर्शन भरवणे शहाणपणाचे. विमा संग्राहकाच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून तिथे परत टांगेपर्यंतचा हवा. चित्राखालच्या पट्टीवर मालकाचे नाव द्यायचे की नुसते ‘खासगी संग्रह’ लिहायचे, हे संग्राहक ठरवतो. पट्टी मराठी आणि कन्नड दोन्हींत असावी, कारण पाहणारे दोन्ही असतात.

अशा दालनात शेजारी जुन्या घरांतले राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे एखादे चित्र टांगावे. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. कित्येक घरांत बायकांनी त्या छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवली, टिकल्या चिकटवल्या, गळ्यात मणी ओवले. वॉरहॉलने १९८० च्या सुमारास बुटांच्या छापांवर काचेची चमकती भुकटी पसरली. दोन्ही चौकटी एका भिंतीवर आल्या आणि दिवा थोडा तिरका ठेवला, की जर आणि काच एकाच वेळी चमकतात.