गाडी किती धावते ते राहू द्या, अर्ध्या तासात किती भरते ते सांगा

विजेच्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एका चार्जमध्ये किती जाते? विकणारा चारशे-पाचशेचा आकडा सांगतो आणि घेणारा मनातल्या मनात अंतरं मोजू लागतो. लांब जाणाऱ्याने मात्र त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेत वेगाचं ठरावीक चक्र लावून काढलेला असतो आणि त्या चक्रात थांबत, सावकाश चालण्याचा भाग बराच असतो. हायवेवर कोणी तसं चालवत नाही.

बॅटरीत मुळात ऊर्जा असते किती? मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी साधारण ६० युनिटची, म्हणजे ६० किलोवॉट-तासांची. एक लिटर पेट्रोल जळलं की ९ युनिटच्या आसपास ऊर्जा निघते. म्हणजे काही शे किलो वजनाच्या त्या अख्ख्या बॅटरीत जेमतेम सात लिटर पेट्रोलाएवढा साठा! तरीही गाडी साडेतीनशे-चारशे किलोमीटर जाते, कारण बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेपैकी ८० ते ९० टक्के चाकांपर्यंत पोचते. पेट्रोल इंजिनात हा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास असतो, उरलेली उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन मुळातच इतकं वाया घालवतं की थोडा खर्च इकडेतिकडे झाला तरी ॲव्हरेजमध्ये तो फारसा डोळ्यांवर येत नाही. विजेच्या गाडीत वाया जाणारं थोडं, त्यामुळे प्रत्येक जादा खर्च थेट रेंजमधून कापलेला दिसतो.

हायवेवर सगळ्यात मोठा खर्च हवेचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन टन वजनाच्या आतल्या, बऱ्यापैकी निमुळत्या गाडीचं गणित मांडलं, तर ताशी ९० ला शंभर किलोमीटरमागे सुमारे १३ युनिट लागतात आणि ताशी १२० ला १८. तीच ६० युनिटची बॅटरी पहिल्या वेगाला साडेचारशे किलोमीटर पुरते, दुसऱ्याला सव्वातीनशे. त्यात समोरून वारा असेल किंवा टपावर सामान बांधलं असेल, तर आणखी घट.

चढाचा धसका लोक उगाच घेतात. दोन टनांची गाडी हजार मीटर वर न्यायला साडेपाच-सहा युनिट जादा जातात खरे, पण उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातले निम्म्याहून अधिक परत मिळतात. फक्त माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागू नये. परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते.

थंडी जास्त त्रासदायक. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पेट्रोल गाडीचा हीटर फुकटात चालतो, इथे ती उष्णता बॅटरीतून विकत घ्यावी लागते. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं यंत्र, असेल तर हा खर्च बराच कमी होतो. तरीही नॉर्वेसारख्या थंड, डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. तिथल्या सवलती मोठ्या होत्या हे मान्य, पण सवलतीत मिळते म्हणून कोणी बर्फात अडकणारी गाडी घेत नाही.

आता मुद्द्याचं: चार्जिंग. बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत एकाच वेगाने भरत नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीच्या एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. ग्रॅफाइट भरत आलं किंवा गार असलं, की आत शिरायला आयनांना वेळ लागतो. तेव्हाही जोर लावला तर लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून गाडीच आपणहून करंट कमी करते. ८० टक्क्यांनंतरच्या शेवटच्या २० टक्क्यांना कित्येकदा आधीच्या १० ते ८० इतकाच वेळ लागतो. त्यामुळे लांब प्रवासात पूर्ण भरून निघालेला सकाळचा पहिला टप्पा सोडला, तर खरी कामाची बॅटरी १० ते ८० मधली ७० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ४२ युनिट. ताशी १२० ने ती सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, दोन तासांच्या आतबाहेर. मग अर्धा तास थांबा. चहा, जेवण, पाय मोकळे करणं यात तो वेळ सहज जातो. अट एकच, चार्जर चालू हवा आणि आपल्यापुढे रांग नको.

या हिशेबातून एक गंमत निघते. सातशे किलोमीटर ताशी १०० ऐवजी १२० ने गेलं तर चालवण्यातले सत्तर मिनिटं वाचतात आणि सुमारे २४ युनिट जादा जातात. पुढे सरासरी ८५ किलोवॉट देणारा चार्जर असेल, तर ते युनिट सतरा मिनिटांत भरतात आणि वेगाने जाणारा आधी पोचतो. पुढे फक्त ७ किलोवॉटचा असेल, तर साडेतीन तास जातील आणि सावकाश येणारा खुशाल पुढे निघून जाईल. म्हणजे गाडी किती वेगाने हाकायची, हे पुढच्या चार्जरवर ठरतं.

लांबचा प्रवास आणि आडवाटेचा प्रवास हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. आडवाटेला अडचण बॅटरीपेक्षा तारांची असते. १५० किलोवॉटचा एक चार्जर चालू झाला की कित्येक घरांचा भार एकदम पडतो, आणि दूरच्या टोकाला गेलेली वीजवाहिनी तो पेलत नाही. यावर तोडगा म्हणजे बारीक नळाखाली रात्रभर टाकी भरून ठेवावी तसा: स्टेशनवर मोठी बॅटरी बसवायची, ती हळूहळू भरत राहायची आणि गाडी आली की झपाट्याने रिकामी करायची.

तारच नसेल तर? ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर मैदानातून जाणाऱ्या हायवेवर फास्ट चार्जरविना सातशे किलोमीटरच्या आसपासचा टप्पा होता. मध्ये काइगुना इथे एक रोडहाउस, म्हणजे पेट्रोल आणि जेवण मिळणारा हायवेवरचा थांबा, आहे, ग्रिडपासून पार दूर. तिथे २०२२ मध्ये तळणाच्या वापरलेल्या तेलावर चालणारा जनरेटर लावून चार्जर सुरू केला. ऐकून हसू येतं, पण हिशेब चोख आहे. चांगला जनरेटर लिटरभर डिझेलमागे तीन-साडेतीन युनिट देतो आणि तेवढ्यात विजेची गाडी वीसेक किलोमीटर जाते, म्हणजे चांगल्या डिझेल गाडीच्या तोडीचं ॲव्हरेज. टपावरच्या सौर पॅनेलची आशा मात्र सोडावी: दोन चौरस मीटर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात दोनेक युनिट देईल, त्यात गाडी दहा-पंधरा किलोमीटर जाईल.

त्यापेक्षा भिंतीवरचं साधं सॉकेट बरं. ते अडीच-तीन किलोवॉट देतं. रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी दीडशे किलोमीटरची सोय. मुक्कामाच्या ठिकाणी चांगल्या अर्थिंगचं सॉकेट आहे का, हे खोली ठरवतानाच विचारून घ्यावं, आणि आपली चार्जिंग केबल डिकीत असू द्यावी.

कच्च्या रस्त्यावर विजेची गाडी उलट मजेत चालते. वेग कमी, म्हणून हवेचा रोध नगण्य. चाकांना पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर. मऊ वाळूत मात्र खर्च झपाट्याने वाढतो आणि तळाशी असलेल्या बॅटरीला दगडांपासून जपावं लागतं. मागे जड ट्रेलर ओढत आडरानात जाणाऱ्यांना आज तरी डिझेलच सोयीचं: ट्रेलर जोडला की रेंज जवळपास निम्म्यावर येते, आणि जेरीकॅनमधले वीस लिटर डिझेल म्हणजे सुमारे २०० युनिटचा साठा. एवढी वीज आज कुठल्याही डिकीत मावत नाही.